अमेरिका उत्तरेला आहे

शाळेत भूगोलाच्या तासाला टेबलावर ठेवतात तो पृथ्वीगोल घ्यावा आणि सुताचा हातभर धागा. मानवतमध्ये धाग्याची वानवा नाही. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव कापसाच्या बाजारासाठीच ओळखलं जातं. धाग्याचं एक टोक गोलावर परभणीच्या थोडं पश्चिमेला, १९.३ अंश उत्तर अक्षांश आणि ७६.५ अंश पूर्व रेखांश जिथे मिळतात तिथे, बोटानं दाबून धरायचं. दुसरं टोक न्यूयॉर्कवर. मग धागा चांगला ताणायचा, ढिला राहू द्यायचा नाही.

बहुतेकांची अपेक्षा असते की धागा अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक असा आडवा जाईल. अमेरिका पश्चिमेला, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की तिकडच्या साऱ्या गोष्टींना आपण ‘पाश्चात्त्य’ म्हणतो. पण ताणलेला धागा गोलावरून घसरत वर सरकतो. मानवतहून तो निघतो उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला कलून. उदयपूरच्या बाजूनं राजस्थान ओलांडतो, अफगाणिस्तानात बामियानच्या आसपास पोचतो, पुढे बुखारा, अरल समुद्र, रशियातलं कझान, फिनलंड, मग आइसलँडच्याही वरून समुद्र, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्क. वाटेत ना अरबस्तान, ना आफ्रिका. एका टप्प्यावर तर तो ६७ अंश अक्षांशापर्यंत चढतो, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे.

सॅन फ्रान्सिस्कोचा धागा याहून चकित करतो. तो मानवतहून उत्तरेकडेच निघतो, पण कलतो पूर्वेला. आणि या दोन धाग्यांच्या मधोमध कुणी नाकासमोर, अगदी सरळ उत्तरेला निघालं आणि उत्तर ध्रुव ओलांडून तसंच पुढे गेलं, तर कॅनडामागून नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा आणि शेवटी टेक्सासचा पश्चिम भाग लागतो. मानवतच्या माणसाला अमेरिकेकडे तोंड करून उभं राहायचं असेल, तर ध्रुवताऱ्याकडे पाहावं लागेल.

हा धागा म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरचं दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर. विमानाच्या मार्गाची आखणी इथूनच सुरू होते. भिंतीवरचा नकाशा आपल्याला चकवतो, कारण १५६९ साली मर्केटर या नकाशाकारानं केलेला तो नकाशा जहाजांसाठी होता: होकायंत्राची दिशा न बदलता चालत राहिलं तर जी वाट होते, ती या नकाशावर सरळ रेघ दिसते. खलाशाला ते सोयीचं होतं. पण मुंबईहून न्यूयॉर्कला त्या ‘सरळ’ रेघेवरून गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात आणि धाग्याच्या वाटेनं साधारण १२,५५०. नकाशावर वाकडी दिसणारी वाट साडेसोळाशे किलोमीटरनं जवळची आहे. विमानाच्या वेगात हे जवळपास दोन तास झाले.

आता मानवतचा हिशेब. मानवत ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३८० किलोमीटर. मग मानवत ते न्यूयॉर्क हे अंतर मुंबई ते न्यूयॉर्कपेक्षा ३८० किलोमीटरनं जास्त असायला हवं, असं कुणालाही वाटेल. ते भरतं सुमारे १२,७०० किलोमीटर, म्हणजे जेमतेम दीडशेनं जास्त. कारण न्यूयॉर्क ज्या दिशेला आहे, त्या दिशेला मुंबई नाही. आणि सॅन फ्रान्सिस्को? मुंबईहून ते सुमारे १३,५०० किलोमीटर आहे, मानवतहून १३,४०० च्याही थोडं आत. मानवतचा जो मुलगा सॅन फ्रान्सिस्कोचं विमान पकडायला रात्रभर प्रवास करून मुंबईत पोचतो, तो त्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोपासून शंभरेक किलोमीटर दूर गेलेला असतो.

ही आकडेमोड आपल्याकडे नवी नाही. ‘देशांतर’ हा शब्द आज आपण परदेशी स्थायिक होण्यासाठी वापरतो. जुन्या ज्योतिषगणितात तो वेगळ्याच कामाचा होता. उज्जैनवरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा शून्य धरायची आणि आपलं गाव तिच्या किती पूर्वेला वा पश्चिमेला आहे, त्यावरून ग्रहगणिताच्या वेळेत करायची दुरुस्ती म्हणजे देशांतर. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पृथ्वीचा परीघ आहे आणि तो कसा काढायचा याची युक्तीही आहे: एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावं घ्यायची, त्यांच्या अक्षांशांतला फरक आणि त्यांच्यामधलं अंतर मोजायचं, मग त्रैराशिक मांडायचं. एका अंशाला इतकं, तर ३६० अंशांना किती? आज एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर हे आपल्याला ठाऊक आहे. मानवत उज्जैनच्या रेषेपासून पाऊण अंशसुद्धा दूर नाही, म्हणजे जुन्या हिशेबानं इथलं देशांतर अवघं तीन मिनिटांचं.

अंतर समजलं की वेळ काढणं सोपं वाटतं. लांब पल्ल्याचं विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. ते बारा कोस विमान अडीच मिनिटांत मागे टाकतं. १२,५५० ला ९०० नं भागलं की येतात चौदा तासांना थोडे कमी. पण मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्यांच्या तिकिटावर पंधरा-सोळा तास लिहिलेले असतात आणि परतीच्या तिकिटावर त्याहून तास-दीड तास कमी. वाट तीच, विमान तेच, मग फरक कसला?

उत्तर विचारलं तर पुष्कळ जण सांगतात, पृथ्वी फिरते म्हणून. हे उत्तर चुकीचं आहे, आणि का चुकीचं ते नीट पाहण्यासारखं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मानवतच्या अक्षांशावर या फिरण्याचा वेग ताशी सुमारे १,५७५ किलोमीटर येतो. कापसाच्या गाड्या, जिनिंग, बसस्थानक, सगळं गाव या वेगानं पूर्वेकडे धावतंय. पण गावावरची हवाही त्याच वेगानं धावतेय आणि विमान उडतं ते त्या हवेतच. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडालेली माशी मागच्या भिंतीवर जाऊन आपटत नाही, तसंच हे. शिवाय पृथ्वी खरंच विमानाखालून सरकत असती, तर पश्चिमेला जाणाऱ्याचं गाव आपणहून त्याच्याकडे आलं असतं आणि जाणं लवकर, येणं उशिरा झालं असतं. प्रत्यक्षात घडतं उलटं.

खरं कारण वारा. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, समशीतोष्ण पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वाऱ्यांचे झोत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. नदीच्या प्रवाहासारखे ते नागमोडी वळतात, हिवाळ्यात जोर धरतात, उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ ओइशी वासाबुरो यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपलं काम जगानं वाचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि नेमकं त्यामुळेच तो कुणी फारसा वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणारी अमेरिकन बॉम्बफेकी विमानं या वाऱ्यात सापडली, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. एका चांगल्या माणसाचं पंधरा-वीस वर्षांचं श्रेय भाषेपायी हुकलं, ही गोष्ट मनाला लागते.

वाऱ्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा अंतर १२,००० किलोमीटर आहे आणि विमानाचा वेग ९००. हवा शांत असेल तर जाऊन येऊन २६ तास ४० मिनिटं. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरू. जाताना तो तोंडावर, म्हणजे वेग ८०० आणि वेळ १५ तास. येताना पाठीवर, वेग १,००० आणि वेळ १२ तास. बेरीज २७ तास. जाताना गमावलेलं येताना पुरतं भरून निघत नाही, वीस मिनिटं वाऱ्यावर जातातच. कारण साधं आहे: तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, पाठीवरच्यात कमी.

पाठीवरचा वारा काय करू शकतो, याचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. उत्तर अटलांटिकवर वादळ घोंघावत होतं, जेट स्ट्रीमला उधाण आलं होतं. त्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात.

आपल्याकडचं उदाहरण आणखी मोलाचं आहे. एअर इंडियानं डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमानं अटलांटिकच्या बाजूनं जात. ऑक्टोबर २०१६ मध्ये वाट बदलली आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. ही वाट बरीच लांब, सुमारे १५,३०० किलोमीटरची. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण सारी वाट वारा पाठीशी होता. लांबची वाट जवळची ठरली. विमान कंपन्यांत उड्डाणाच्या आधी मार्ग आखणारी माणसं हेच करतात: रोजचा वारा बघून रोज नवी वाट काढतात. त्यामुळे ‘मुंबईहून न्यूयॉर्क किती तास?’ या प्रश्नाचं उत्तर जानेवारीत एक आणि जुलैत दुसरं असतं.

पावसाळ्यात तर आपल्याच डोक्यावरचा वारा दिशा बदलतो. खाली नैर्ऋत्य मोसमी वारे मराठवाड्यात ढग आणत असतात, तेव्हा चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर दक्षिण भारताच्या आकाशात पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत असतो. पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात त्याचा अभ्यास जगापुढे मांडला. शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो, त्या पावसाशी या झोताचा जवळचा संबंध आहे.

वाऱ्यानंतर डोंगर. मानवत ते सॅन फ्रान्सिस्को हा धागा गोलावर पुन्हा निरखून पाहिला, तर तो उत्तराखंडातून हिमालय ओलांडतो आणि कैलास पर्वताच्या पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवरून तिबेटात शिरतो. पुढे मध्य आशिया, सायबेरिया, ७४ अंशांच्या जवळपास गोठलेला समुद्र, मग अलास्का. सुंदर वाट आहे, पण नेहमीची प्रवासी विमानं कैलासावरून जात नाहीत. विमानातल्या हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर झटपट उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून खाली येणाऱ्या मुखवट्यांतला ऑक्सिजन जेमतेम पंधरा-वीस मिनिटं पुरतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच. उतरायचं कुठे? म्हणून विमानं या पठाराला वळसा घालतात.

ध्रुवाजवळची हवा आणखी एक काळजी घेऊन येते. विमानात वापरतात ते इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं, त्यामुळे पंखांतल्या इंधनाच्या तापमानावर वैमानिकांचं सतत लक्ष असतं. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला आलेलं एअर इंडियाचं पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवाकडच्या वाटेनं आलं. सगळ्या वैमानिक महिला होत्या. कॅप्टन झोया अग्रवाल प्रमुख आणि सोबत पापागारी तन्मई, आकांक्षा सोनावरे, शिवानी मन्हास. अंतर १४,००० किलोमीटरच्या काठावर, वेळ सुमारे सतरा तास.

डोंगरांना वळसा घालता येतो, सरहद्दी मात्र कधीही बंद होतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत पाकिस्ताननं आपलं आकाश बंद ठेवलं होतं. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ते पुन्हा बंद झालं. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर २०२२ मध्ये रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं. मुंबईहून ताणलेला न्यूयॉर्कचा धागा याच दोन देशांवरून जातो. अशा वेळी पृथ्वी आहे तेवढीच राहते, वारा आहे तोच वाहतो आणि तिकिटावरचे तास वाढतात. अरबी समुद्रावरून खाली वळसा घ्यायचा, त्यासाठी जास्त इंधन भरायचं, कधी वाटेत उतरून इंधन घ्यायचं.

वाटेत उतरणं ही एकेकाळी रीतच होती. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला लंडनला पोचलं. मानवत तेव्हा अजून निजामाच्या राज्यात होतं. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानांनी एअर इंडिया लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोचली, आणि मुंबई ते न्यूयॉर्क कुठेही न थांबता जायला १ ऑगस्ट २००७ उजाडावा लागला.

त्याहून मागे जायचं तर आनंदीबाई जोशींचं नाव घ्यावंच लागतं. वैद्यकीचं शिक्षण घ्यायला निघालेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. नवरा सोबत नाही, ताटातलं अन्न ओळखीचं नाही. त्यांना उतरवून घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. हे रोझेल आजच्या नेवार्क विमानतळापासून काही किलोमीटरवर आहे. मुंबईहून थेट विमानानं नेवार्कला उतरणाऱ्या मराठी आईवडिलांना आपण आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या पहिल्या घराच्या किती जवळ उतरलोय, हे कुणीतरी सांगायला हवं.

समुद्रापलीकडचा प्रवास अठ्ठावन्न दिवसांवरून सोळा तासांवर आला. जमिनीवरचं काय? मानवतहून निघणारा माणूस आधी गावापासून काही किलोमीटरवरच्या मानवत रोड स्थानकावर जातो. हा रेल्वेमार्ग निजामाच्या काळात, विसावं शतक उजाडता उजाडता सिकंदराबादहून मनमाडपर्यंत टाकला गेला, मीटरगेजचा. रुंद रूळ यायला नव्वदचं दशक आलं. गाडी परतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर करत वायव्येला मनमाडपर्यंत चढते, तिथून नाशिक, कसारा घाट आणि मुंबई. हवाई अंतर ३८० किलोमीटर, रुळांवरून सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे सदतीस-अडतीस टक्क्यांचा वळसा. मुंबई-न्यूयॉर्क विमानानं याच प्रमाणात वळसा घेतला असता, तर त्याला सतरा हजार किलोमीटर उडावं लागलं असतं. दुबईला उतरून विमान बदलणाऱ्या प्रवाशाचा वळसासुद्धा मुंबई-न्यूयॉर्क थेट अंतरापेक्षा जेमतेम चारशे किलोमीटरचा, म्हणजे तीन-साडेतीन टक्क्यांचा असतो. साऱ्या वाटेतला सर्वांत वाकडा तुकडा घराजवळचा आहे.

रात्रभराची गाडी दहा-अकरा तास घेते. मुंबईत स्थानकावरून विमानतळ, मग तीन तास आधी हजर राहायचं, वजनाच्या रांगेत मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या या पिशवीतून त्या पिशवीत करायच्या. घराच्या उंबऱ्यापासून मोजलं, तर मानवत ते न्यूयॉर्क चौतीस-पस्तीस तास सहज होतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त तास चाकं जमिनीवर असतात. नांदेडचा विमानतळ मानवतपासून हवाई अंतरानं नव्वद किलोमीटरच्या आत आहे, संभाजीनगरचा सुमारे एकशे तीसवर. हैदराबादसुद्धा मुंबईपेक्षा जवळ, सुमारे ३०५ किलोमीटर. समृद्धी महामार्ग जालन्यापर्यंत आला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला, त्यानं रस्त्यानं जाणाऱ्यांचा वेळ वाचतो. विमानाचा वेग मात्र १९६० च्या बोइंग ७०७ पासून जवळजवळ तेवढाच आहे. मानवतचा न्यूयॉर्क-प्रवास आणखी आखूड व्हायचा असेल, तर तो परभणी जिल्ह्यातच आखूड होऊ शकतो.

घड्याळाचा घोळ वेगळाच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. मानवत त्याच्या सहा अंश पश्चिमेला, म्हणून इथे सूर्य डोक्यावर यायला घड्याळात साधारण १२ वाजून २४ मिनिटं व्हावी लागतात. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. सॅन फ्रान्सिस्कोचं उन्हाळी गणित मानवतच्या आज्याही पटकन करतात: आपल्या घड्याळात अर्धा तास कमी करायचा आणि सकाळची रात्र, रात्रीची सकाळ करायची. इथे रात्रीचे साडेआठ, तर तिथे सकाळचे आठ. नातवंडं शाळेला निघायच्या आधी एवढाच वेळ फोनवर सापडतो.

परतीला वारा पाठीशी असतो. न्यूयॉर्कहून निघालेलं विमान जाण्यापेक्षा तास-दीड तास कमी घेऊन मुंबईला टेकतं. सामान पट्ट्यावरून येतं, टॅक्सी स्थानकावर सोडते, आणि मानवतची माणसं बॅगांवर बसून रात्रीच्या गाडीची वाट बघतात. आकाशात वाचलेला तो दीड तास फलाटावर चहा पिण्यात जातो. पहाटे जालना मागे पडतं, परतूर येतं, सेलू येतं. मानवत रोडला गाडी थांबते तेवढ्या वेळात बॅगा खाली घ्याव्या लागतात, म्हणून सेलू गेल्याबरोबर सगळे सामानासकट दारात येऊन उभे राहतात.